देणगी दर्शन आणि ओरलँडोची रांग

डिसेंबरमधली गोष्ट. अटलांटातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी ओरलँडोच्या सहलीचा हिशेब मांडून बसले होते आणि नाशिकहून दादाचा फोन आला. सहा माणसं (आम्ही चौघं आणि आई-बाबा), डिस्ने वर्ल्डमधले दोन पार्क, चार रात्री. आकडे वाचून दाखवता दाखवता मी रांग टाळायच्या पासापाशी अडखळले. दादा लगेच म्हणाला, "घेऊन टाक ना! एकदाच जाताय. आपण त्र्यंबकला देणगी दर्शनाची पावती फाडतो, तसंच समज."

सहा जणांचे दोन दिवसांचे पास म्हणजे तीनशे डॉलर, रुपयांत पंचवीस हजारांच्या वर. आकडा मोठाच होता. पण मला जास्त अडवलं ते दादाच्या त्या तुलनेने.

नाशिककरांना देणगी दर्शन समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते: त्र्यंबकेश्वराच्या मंदिरात दोनशे रुपये भरले की वेगळ्या रांगेतून लवकर आत जाता येतं. त्यावरून वर्षानुवर्षं वाद चालू आहे, मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही झाली. तिरुपतीला तीनशे रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन आहे, शिर्डीतही सशुल्क दर्शन आहे. जानेवारी २०२५ मध्ये व्हीआयपी दर्शनाविरुद्धची एक याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली. अशी खास वागणूक कुणाला देऊ नये, असं न्यायालयाने मत दिलं, पण आदेश काढायला नकार दिला. हा प्रश्न समाजाने आणि मंदिरांच्या व्यवस्थापनाने सोडवावा, असं सांगून याचिका बाजूला ठेवली. आता २०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय, तशी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा तीच जुंपलेली आहे. कुणी म्हणतं, पैसे देवस्थानाच्याच कामी येतात, बिघडलं कुठे? कुणी म्हणतं, देवाच्या दारात तरी सगळे सारखे असू द्या.

मी दुसऱ्या बाजूची. बाबांनी आम्हाला श्रावणी सोमवारी नेलं ते नेहमी धर्मदर्शनाच्या, म्हणजे बिनपैशाच्या रांगेतून. पहाटेची एसटी, पावसात भिजलेली चप्पल, पुढच्या बाईच्या पिशवीतल्या बेलाचा वास. त्या रांगेत उभं राहूनच मला त्र्यंबक कळलं.

आणि तरीही, परदेशी आल्यापासून मी स्वतः चार वेळा पावती फाडली आहे. तीन आठवड्यांची रजा, त्यात सासर, माहेर, लग्नं, बँकेची कामं. वेळ नाही, हे एकच कारण दर वेळी पुरतं. माझ्या मुलांनी त्र्यंबकची पाहिलेली एकमेव रांग म्हणजे पैसे देऊन लवकर सरकणारी रांग. दादाच्या बोलण्यातून मला हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं.

आता ओरलँडोच्या हिशेबाकडे येते, कारण पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी घरांकडून मला याचीच विचारणा होते.

सगळ्यात मोठा खर्च तिकिटांचा. डिस्ने वर्ल्डमध्ये चार थीम पार्क आहेत आणि दर तारखेनुसार बदलतो. एका दिवसाचं तिकीट सगळ्यात कमी गर्दीच्या दिवशी ११९ डॉलरपासून सुरू होतं आणि नाताळच्या सुमाराला मॅजिक किंगडमसाठी दोनशेच्या आसपास जातं. अ‍ॅनिमल किंगडम त्यातल्या त्यात स्वस्त. दिवस वाढवले की दिवसागणिक दर उतरतो, पण एकूण बिल वाढतंच. म्हणून चारही पार्क बघायचा हट्ट आम्ही सोडला आणि दोनच ठरवले. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना तिकीट नाही. दहा पूर्ण झाली की मोठ्यांचा दर. "मुलगी दहाची व्हायच्या आत जाऊन या" असा सल्ला मला अनेकांनी दिला, पण तिथे फरक अगदी किरकोळ आहे, त्यासाठी धावपळ करू नये. तारखेने मात्र खरंच पैसे वाचतात. आमच्याकडच्या शाळांना फेब्रुवारीत सुट्टी असते, तेव्हा सगळं अटलांटा फ्लोरिडाकडे निघतं. आम्ही जानेवारीअखेरचे दिवस धरले आणि मुलांचे शाळेचे तीन दिवस बुडवले. ते ऐकून आईला वाईट वाटलं. तिच्या घरात शाळा बुडवायची ती तापातच.

गाडीने साधारण ४४० मैल, सात तास. पार्कबाहेरच्या हॉटेलात छोट्या स्वयंपाकघराची खोली घेतली. पार्किंगचे दिवसाला वेगळे पैसे पडतात, ते हिशेबात धरायचं लोक विसरतात. बाहेरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेची बाटली आणि दारू चालत नाही. हे आईला सांगितल्यावर तिने सगळा कारभार हातात घेतला. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, मेथीचे लाडू. खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, मागायची लाज वाटू देऊ नये. दोन दिवसांत आम्ही आत जेवणावर एकदाच पैसे खर्च केले, तेही मुलांसाठी.

उरला तो पास. तो कसा चालतो हे नीट कळल्याशिवाय निर्णय घेता येत नाही, म्हणून मी दोन रात्री त्याच्यावर घालवल्या.

पाळण्याच्या, म्हणजे तिथल्या राइडच्या, जागा ठरलेल्या असतात. तासाला जेवढी माणसं बसू शकतात तेवढीच बसणार. पास विकल्याने जागा वाढत नाहीत. पासवाला पुढे गेला की साध्या रांगेतलं कुणीतरी तेवढं मागे राहतं. देणगी दर्शनाचंही गणित हेच, कारण गाभारा काही मोठा होत नाही. म्हणजे आपण वेळ विकत घेतो तो मंदिराकडून किंवा कंपनीकडून घेतो असं वाटतं, पण तो येतो मागे उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातून, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.

बरं, पास घेणारेही एका पायरीवर नाहीत. कंपनीच्या हॉटेलात उतरलेल्यांना सात दिवस आधी वेळा निवडता येतात, बाहेर उतरलेल्यांना तीन दिवस आधी. सगळ्यात मागणी असलेल्या पाळण्यांना या पासाशिवाय वेगळे पैसे. त्याही वर प्रीमियर पास, २०२४ साली आलेला, जाहीर झाला तेव्हा माणशी एका दिवसाचा १२९ ते ४४९ डॉलर, तारीख आणि पार्क पाहून. एका कुटुंबाची तिकिटं जेवढ्यात येतात तेवढे पैसे निव्वळ थांबायला लागू नये म्हणून.

हे असं पहिल्यापासून नव्हतं. १ ऑक्टोबर १९७१ ला डिस्ने वर्ल्ड उघडलं तेव्हा आत जायला साडेतीन डॉलर होते आणि पाळण्यांची तिकिटं वेगळी, ए पासून ई पर्यंतच्या दर्जांची. आपल्या जत्रेतल्यासारखंच: आकाशपाळण्याचे वेगळे, मौत का कुआँचे वेगळे. पैसे कमी असतील तर कमी पाळण्यांत बसा, पण रांगेत सगळे सारखे. १९८० च्या दशकात ती पुस्तकं गेली आणि एकाच तिकिटात सगळं आलं. १९९९ मध्ये फास्टपास आला, तोही तिकिटातच, जादा पैसे न घेता. साथीच्या काळात तो बंद झाला आणि २०२१ च्या ऑक्टोबरात त्याच्या जागी विकतची सोय आली, सुरुवातीला दिवसाला पंधरा डॉलर. पन्नास वर्षं सगळ्यांसाठी एक असलेली गोष्ट इतक्या सहज बदलली, आणि इथे त्यावर जे बोललं गेलं ते बहुतेक दरावर. महाग आहे का, परवडतं का, कोणत्या पाळण्याला घ्यावा. घ्यावाच का, हे माझ्या इथल्या ओळखीतल्या फार थोड्यांनी विचारलं. आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीने मला समजुतीने सांगितलं, "अगं, हा धंदा आहे, देऊळ नाही."

ती बरोबर आहे. खाजगी कंपनी आणि देवस्थान यांना मी एका मापाने मोजत नाही. कंपनीने काय विकावं हा तिचा प्रश्न, आणि तिला नाही म्हणायचा मला पूर्ण हक्क आहे. मंदिराला मी तसं नाही म्हणू शकत नाही, म्हणून तिथला वाद जास्त महत्त्वाचा. पण सात-आठ वर्षांच्या मुलीला हा भेद कसा कळणार? तिने त्र्यंबकला पाहिलं, विमानतळावर पाहिलं, आता इथे पाहणार. तिच्या लेखी आपण म्हणजे पुढे जाणारी माणसं. मला नेमकी याचीच काळजी वाटत होती, आणि आजही वाटते.

नाशिकमधल्या वादाला इथून "मागासलेला गोंधळ" म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला उलट वाटतं. दोनशे रुपयांच्या पावतीवरून माणसं न्यायालयात जातात, म्हणजे रांग ही सगळ्यांची आहे हे अजून कुणालातरी वाटतं. आषाढीला पंढरपुरात मुख्यमंत्र्यांबरोबर शासकीय महापूजेला बसायचा मान दर्शनरांगेतल्या वारकरी जोडप्याला मिळतो. तासन्‌तास उभ्या राहिलेल्या, गावाकडून चालत आलेल्या माणसांना. रांगेत थांबलेल्याला असा मान देणारी पद्धत मला इतक्या वर्षांत इथे कुठे दिसलेली नाही.

एवढं सगळं मनाशी ठरल्यावरही एक गोष्ट सुटत नव्हती. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत, उजवा गुडघा दुखतो. त्यांना तास-तासभर उभं करून मी कोणतं तत्त्व सांभाळणार होते? आपल्याकडे ज्येष्ठांच्या वेगळ्या रांगेला कुणी हरकत घेत नाही, आणि घेऊही नये. ती सोय गरजेला आहे, पैशाला नाही. डिस्नेत केवळ वयासाठी अशी रांग नाही. मी दोघांपुरता पास घ्यायचा विचार केला आणि बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मला पाळण्यात बसायचंच नाही. मला बसायला सावलीतला बाक दे आणि मुलं कुठून बाहेर येणार ते सांग." तरी मी आधीच चाकांची खुर्ची भाड्याने ठरवली. घरातून निघताना नको नको म्हणणाऱ्या बाबांनी दुपारनंतर ती आनंदाने वापरली.

पास घेतला नाही. त्याऐवजी दोन्ही दिवस पहाटे उठलो. दार उघडायच्या पाऊण तास आधी उभं राहिलं की पहिल्या दीड तासात दोन-तीन मोठे पाळणे होतात, हे मी छातीठोक सांगते. दुपारी रांगा लांबतात तेव्हा मिरवणूक, बोटी, प्राणी. आणि एक सोय जरूर लक्षात ठेवा: धाकटं मूल उंचीला कमी पडत असेल तर एक पालक त्याच्याजवळ थांबतो, दुसरा रांगेतून जाऊन येतो, मग थांबलेल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. याला रायडर स्विच म्हणतात, फुकट आहे. ४४ इंचांच्या अटीत न बसणारा आमचा पाच वर्षांचा मुलगा असल्याने आम्ही ती दोनदा घेतली. लेक दोन्ही वेळा बसली, एकदा तिच्या बाबाबरोबर, एकदा माझ्याबरोबर, आणि तिच्या मते सहलीतली सगळ्यात भारी गोष्ट तीच.

अ‍ॅनिमल किंगडममध्ये आशिया नावाचा भाग आहे. त्यातल्या काल्पनिक राज्याचं नाव आनंदपूर. आईने ते दोनदा म्हणवून घेतलं. तिथे वाघ बघायला पायवाट आहे, तिला रांग नाही, पास नाही. आई आणि बाबा तिथे जवळजवळ तासभर होते. वाघ झोपला होता. तो उठेपर्यंत जायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं.

मॅजिक किंगडममध्ये पीटर पॅनच्या रांगेत पाटीवर ५५ मिनिटं होती. शेजारच्या मार्गाने माणसं भराभर पुढे जात होती आणि लेकीने विचारलं, "हे आपल्या आधी आले होते का?" मी म्हटलं, नाही, त्यांनी जास्त पैसे दिलेत. "आपण का नाही दिले?" मी काही बोलायच्या आत आईने पिशवीतून लाडवाचा डबा काढला आणि तिला म्हणाली, "आपण दिले असते तर तुझ्या मागचा तो मुलगा अजून उशिरा आत गेला असता." लेक मागे वळून त्या मुलाकडे बघत राहिली. तो तिच्याच वयाचा होता, वडिलांच्या पायाला टेकून उभा. थोड्या वेळाने तिने त्याला लाडू विचारला. त्याच्या वडिलांनी नम्रपणे नको म्हटलं, मग दोघं मिळून पाटीवरचे आकडे मोजत बसले.

वाचलेले तीनशे डॉलर मी नाशिकच्या तिकिटांत घातले. येत्या डिसेंबरात जाणार आहोत. परवा दादाचा फोन आला, देणगी दर्शन आधीच करून ठेवू का विचारायला. मी म्हटलं, बाबांना ज्येष्ठांच्या रांगेतून तू घेऊन जा, आम्ही चौघं पहाटे चारला धर्मदर्शनाला उभे राहू. लेक शेजारीच बसून ऐकत होती. तिने विचारलं, "तिथे पाटीवर किती मिनिटं लिहिलेली असतात?"

मी सांगितलं, तिथे पाटी नसते.