डांबर संपलं की वॉरंटीही संपते

कॅम्पर ट्रेलरची, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या, झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या ट्रेलरची जाहिरात बघितली आहे ना? लाल मातीचा रस्ता, मागे धुळीचा लोट, संध्याकाळी शेकोटीपाशी हसणारं चौकोनी कुटुंब. आता त्याच ट्रेलरचं वॉरंटीचं पुस्तक उघडा आणि शेवटच्या पानांवरचा मुंगीएवढा मजकूर वाचा. कॉरुगेशनमुळे, म्हणजे कच्च्या रस्त्यावर आडव्या पडलेल्या उंचवट्यांमुळे झालेलं नुकसान? भरपाई नाही. धूळ आत शिरली? नाही. दगड लागला? नाही. टायर, बुश, बेअरिंग, शॉक ॲब्सॉर्बर? नाही, नाही, नाही आणि नाही. मग भरून काय देणार आहात, शेकोटी?

आम्ही ॲडलेडचे. नुकतेच ऊडनाडाटा ट्रॅकवरून परत आलोय आणि ट्रेलरच्या ड्रॉबारला वेल्डच्या अगदी कडेने चीर गेली आहे. ज्याच्या जोरावर मागचं सगळं ओझं ओढलं जातं तो हा भाग. विक्रेत्याला फोटो पाठवले. त्याचा पहिला प्रश्न, "कुठल्या रस्त्यावर नेला होता?" सांगितलं. "मग हे वापरातलं नुकसान धरावं लागेल." अहो, वापरातलंच आहे! वापरायलाच घेतला होता! तुमच्या शोरूमच्या भिंतीवर याच ट्रॅकचा पुरुषभर उंचीचा फोटो लावलाय, तो काय रंग आवडला म्हणून?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा ट्रॅक साउथ ऑस्ट्रेलियात मरीपासून मार्लापर्यंत साधारण 620 किलोमीटर जातो, 1980 मध्ये बंद पडलेल्या जुन्या घान रेल्वेच्या कडेकडेने. मरीहून विल्यम क्रीक दोनशे किलोमीटर, तिथून ऊडनाडाटा आणखी दोनशे, आणि मधे पेट्रोल मिळेल असं काही नाही. बाजूला केटी थांडा लेक एअरचं दक्षिणेकडचं सरोवर, आर्टीजियन खोऱ्याचे, म्हणजे जमिनीखालून स्वतःच्या दाबाने वर येणाऱ्या पाण्याचे झरे, अल्गेबकिनाचा 1892 चा लोखंडी रेल्वेपूल. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. आणि कोरडा असताना हा ट्रॅक काही जीवघेणा मानला जात नाही. आम्ही ट्रेलर कड्यावरून ढकलून दिला नव्हता. सरळ, सपाट, नकाशात नाव असलेल्या सरकारी रस्त्यावरून नेला होता.

पण तो सपाट रस्ता जवळून बघा. पन्हाळी पत्रा रस्त्यावर आडवा अंथरल्यासारखं दिसतं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पुण्यातला भाऊ म्हणतो, "मुंबई-गोवा महामार्गावर वाढलेली तू, तुला खड्ड्यांचं काय कौतुक?" अरे बाबा, खड्डा दिसतो. खड्डा चुकवता येतो, खड्डा गेला की गेला. कॉरुगेशन चुकवायचं कुठे? मीटरभराच्या आत एक उंचवटा, मग दुसरा, मग हजारावा. सेकंदाला वीसपंचवीस दणके, तासन्तास. नट आपोआप सैल होतात, स्क्रू गळून पडतात, वायरी घासून उघड्या होतात. चाकाचे नट आम्ही दर थांब्याला टॉर्क रेंच लावून तपासत होतो आणि दर थांब्याला एखादा तरी फिरत होता.

धुळीचं तर बोलूच नका. ही कणकेपेक्षा बारीक. रबरी सील, फोम, चिकटपट्टी, सगळं लावून झालं. तरी स्वयंपाकाच्या ड्रॉवरमध्ये धूळ, गाद्यांत धूळ, झिप लावलेल्या बॅगेतल्या झिप लावलेल्या पाकिटात धूळ. मिसळणाच्या डब्याचं झाकण दणक्यांनी उघडलं आणि हळद, तिखट, मोहरी आणि साउथ ऑस्ट्रेलिया यांचं एकच मिश्रण झालं. सोड्याचे कॅन एकमेकांवर घासून त्यांना भोकं पडली. खोटं वाटेल, पण इथे फिरणाऱ्या कुणालाही विचारा. ॲल्युमिनियम घासून घासून पातळ होतं आणि मग सगळं फ्रिजभर चिकट पाणी.

आणि मागची काच! गाडीची मागची चाकं दगड उडवतात, तो दगड ट्रेलरच्या तोंडावर आपटतो आणि उलटा येऊन आपल्याच गाडीची मागची काच फोडतो. म्हणून ड्रॉबारवर तिरकी जाळी किंवा रबरी पडदा लावतात, काहीजण काचेवर पुठ्ठा चिकटवतात. आम्ही जाळी घेतली. ट्रेलरबरोबर मिळत नाही बरं का, वेगळे पैसे. दगडांच्या रस्त्यासाठी बनवलेल्या वस्तूला दगडाची जाळी वेगळी!

यावर सल्ले देणारे असतातच. "80 वर जा, गाडी तरंगते." तरंगते, कबूल, कारण चाक उंचवट्यांच्या माथ्यामाथ्यावरून जातं. पण मागे दीड टन लटकलेलं असताना तरंगण्याचा अर्थ असा की ब्रेक दाबला तरी धरायला खाली रस्ता नाही. शिवाय ट्रेलरचे शॉक ॲब्सॉर्बर तापून आतलं तेल पातळ होतं आणि मग ते असून नसल्यासारखेच. आम्ही हवा 38 वरून 26 पीएसआयवर आणली, वेगही खाली ठेवला. आणि शेजारून कोण जातं? 40 पीएसआयचे टणक टायर, वेग शंभराच्या पुढे, मागे भलामोठा कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घरच, आमच्या काचेवर खडीचा मारा करत. यूएचएफवर, म्हणजे गाड्यांमधल्या बोलण्याच्या रेडिओवर, चॅनल 40 वर हाक मारली तर उत्तर नाही, कारण रेडिओच बंद. या महाभागांना कुणीतरी सांगा की रस्त्यावरचे हे उंचवटे पावसाने येत नाहीत, चाकांनीच येतात. ठरावीक वेगाच्या वर गेलं की उडणारं चाक खाली पडताना माती खणतं आणि पुढे ढकलतं, मागून येणारं चाक तिथेच पुन्हा उडतं. सरकारी ग्रेडर येऊन रस्ता गुळगुळीत करून जातो आणि हे लोक काही आठवड्यांत तो पुन्हा होता तसा करून ठेवतात. रोड ट्रेनवाल्यांबद्दल, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेल्या ट्रकवाल्यांबद्दल, माझी अजिबात तक्रार नाही. त्यांचा तो धंदा आहे. साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांबीचा ट्रक समोरून आला की आपण निमूट बाजूला थांबायचं आणि धूळ बसेपर्यंत थांबून राहायचं.

तर मुद्दा विक्रेत्याचा. मला वाटलं आपलंच नशीब फुटकं. तसं नाही. इथल्या ग्राहक आयोगाने 2022 मध्ये कॅराव्हॅन विक्रीबद्दल अहवाल काढला. पाहणीत उत्तर दिलेल्या 80 टक्के ग्राहकांनी सांगितलं की नव्या कॅराव्हॅनमध्ये बिघाड निघाला. शंभरात ऐंशी! रिक्षासुद्धा यापेक्षा भरवशाची निघते. डिसेंबर 2024 मध्ये तर याच आयोगाने एका मोठ्या उत्पादकाला कच्च्या रस्त्यांवर चालण्याच्या दाव्यांवरून फेडरल कोर्टात नेलं. म्हणजे जाहिरातीत एक आणि वॉरंटीत भलतंच, हे फक्त मलाच खटकतंय असं नाही.

आणि रस्त्यात बंद पडलात तर? आमच्या ब्रेकडाउन सेवेच्या अटींत गाडी आहे, ट्रेलरसाठी वेगळी वर्गणी. ती भरली तरी ओढून नेण्याची किलोमीटरची मर्यादा आहे, आणि ती मर्यादा इथल्या दोन पेट्रोल पंपांमधल्या अंतराला पुरत नाही. पुढचा खर्च स्वतःचा, आणि तो हजारांत, डॉलरमध्ये. आम्ही पोर्ट ऑगस्टापर्यंत ताशी चाळीसने, दर तासाला खाली वाकून चीर वाढली का बघत आलो. मी गाडी चालवत होते, नवरा टॉर्च घेऊन खाली. एका शब्दाने बोलत नव्हतो एकमेकांशी, कारण तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं.

पोर्ट ऑगस्टाच्या वेल्डरने चीर भरली, वरून जाड पट्टी मारली, आणि म्हणाला की मूळ वेल्ड नीट आत उतरलेलाच नव्हता. त्याने हे बिलावर लिहूनही दिलं. बिल विक्रेत्याला पाठवलं. उत्तर काय यावं? "आमच्या मान्यतेशिवाय बाहेरच्या माणसाकडून दुरुस्ती करून घेतल्यामुळे उरलेली वॉरंटीही रद्द समजावी." म्हणजे चिरलेल्या ड्रॉबारवर आणखी तीनशे किलोमीटर ओढत तुमच्या दारात आणायला हवा होता का?

वॉरंटी रद्द करा, खुशाल करा. ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्याने मिळणारी हमी त्या पुस्तकापेक्षा वेगळी आहे आणि विक्रेत्याला ती बारीक टाइपात काढून टाकता येत नाही. ज्या कामासाठी विकली त्या कामाला वस्तू टिकली पाहिजे, इतकं साधं आहे ते. शुक्रवारपर्यंत वेळ दिला आहे, मग मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज. काल त्यांच्या ऑफिसातला पोरगा फोनवर मला म्हणतो, "मॅडम, जरा शांत व्हा." नाही होणार.