‘नशिबाने निघालं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

इंग्लंडमधल्या शेफील्डचे पोलाद कारखानदार हॅडफील्ड पिता-पुत्र यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंय : “बापाचा कारखाना, बापाचा पैसा. पोराने मँगनीज जास्त टाकलं आणि नशिबाने पोलाद निघालं. यात कसली धातुविद्या? सिलिकॉन पोलादही दुसऱ्यांचंच. लेख उगाच लांबवलाय.”

मतभेद जरूर असावेत, पण ‘पोरगा’ ही भाषा कशासाठी? 1882 साली मँगनीज पोलाद तयार केलं तेव्हा मुलगा रॉबर्ट हॅडफील्ड जेमतेम 23-24 वर्षांचे होते, म्हणून त्यांचं काम पोरखेळ ठरत नाही. शेफील्डचा ओतकामाचा कारखाना वडिलांचा होता, हे मान्य. मँगनीजचं प्रमाण भरपूर असलेलं फेरोमँगनीज (लोखंड-मँगनीजचा मिश्रधातू) फ्रान्समध्ये आधीच तयार होत होतं, हेही मान्य. मग ते इतरांनाही मिळत होतंच की!

आता ते ‘नशीब’. मँगनीज 3 ते 7 टक्क्यांच्या आसपास गेलं की पोलाद इतकं ठिसूळ होतं की हातोड्याने फुटावं. शहाणा माणूस तिथेच थांबतो. हॅडफील्ड 12-13 टक्क्यांपर्यंत गेले. पुढे त्यांनी ते लालभडक तापवून पाण्यात बुडवलं. एरवी भरपूर कार्बन असलेल्या पोलादाला असं पाणी दिलं की ते कडक आणि ठिसूळ होतं. हे उलट चिवट झालं. शिवाय 80 टक्क्यांहून जास्त लोखंड असूनही त्याला लोहचुंबक चिकटेना. दर टप्प्यावर नमुना ओतून, तोडून, लिहून ठेवणाऱ्याला तुम्ही नशीबवान म्हणता?

मी उमेदीची वर्षं फाउंड्रीत काढली आहेत. या पोलादाच्या कास्टिंगला ड्रिल लावून बघा. जरा घासलं की पृष्ठभाग जागच्या जागी कडक होतो, ड्रिल किंचाळतं आणि टोक निळं पडून जळतं. जितका मार खाईल तितकं कडक! म्हणूनच रुळांची क्रॉसिंग आणि दगड फोडणाऱ्या क्रशरचे जबडे याचे करतात; पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांची शिरस्त्राणंही याचीच होती. हे हाताने अनुभवलेल्या माणसाला ‘यात कसली धातुविद्या’ म्हणून विचारू नका.

हॅडफील्ड यांच्या दुसऱ्या, सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाच्या चुंबकीय मोजमापाचं श्रेय मी डब्लिनचे संशोधक बॅरेट आणि ब्राउन यांना लेखातच दिलंय. तो परिच्छेद आपण वाचलेला दिसत नाही. लांबीबद्दल म्हणाल तर वडील 1888 साली वारल्यावर मुलाने कारखाना कसा वाढवला, हे अजून लिहायचंच आहे. पुढचा भाग याहून मोठा असेल.