माणूस जड असला की शिडी घट्ट बसते? हिशोब उलटं सांगतो

रंगकाम आणि वायरिंग करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: ‘शिडीवर जड माणूस चढवा, वजनाने फरशीवरचं घर्षण वाढतं आणि शिडी हलत नाही. खालच्या पायऱ्यांवर उभं राहून बघा, घसरली नाही तर पुढे बिनधास्त चढा. भिंत खडबडीत असेल तर प्रश्नच मिटला.’ हा सल्ला धोकादायक आहे. का, ते आकड्यांनिशी पाहू.

शिडी ४ मीटर लांब, १२ किलो वजनाची. भिंत गुळगुळीत, फरशीचा घर्षण गुणांक (घर्षण जास्तीत जास्त किती होऊ शकतं याचं, दाबाशी असलेलं प्रमाण) ०.४. शिडी ६०° कोनात, म्हणजे पायथा भिंतीपासून २ मीटर लांब. माणूस ७० किलोचा. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरू, म्हणजे १ किलोचं वजन १० न्यूटन (बलाचं एकक).

‘वजनाने घर्षण वाढतं.’ वाढते ती घर्षणाची कमाल मर्यादा. फरशीची लंब प्रतिक्रिया, म्हणजे फरशी शिडीला वर जेवढ्या बलाने ढकलते ते, १२० + ७०० = ८२० न्यूटन; म्हणून मर्यादा त्याच्या ०.४ पट, ३२८ न्यूटन. पण त्याच वजनामुळे शिडीचं वरचं टोक भिंतीवर रेटतं, आणि भिंत तेवढ्याच बलाने शिडीला उलट ढकलते. हे आडवं बल पेलायला पायथ्याच्या घर्षणाखेरीज दुसरं काहीच नाही. पायथ्याभोवती आघूर्णांचा (बलांच्या फिरवण्याच्या परिणामांचा) समतोल मांडला की भिंतीची प्रतिक्रिया येते ०.५७७ × (६० + ७०० × चढलेला अंश). यातला ०.५७७ हा ६०° कोनावरून येतो, ६० म्हणजे शिडीचं निम्मं वजन. माणूस टोकाला पोचला की हे बल ४३९ न्यूटन होतं, मर्यादा मात्र ३२८. शिडीवरून २.९० मीटर चढल्यावरच पायथा सुटतो.

आता माणूस बदला. ५० किलोचा २.९६ मीटरपर्यंत जातो, १०० किलोचा २.८६ मीटरलाच घसरतो. वजनाबरोबर मर्यादा आणि मागणी (समतोलाला लागणारं घर्षण) दोन्ही वाढतात, त्यामुळे फरक थोडाच पडतो. पण जो पडतो तो जड माणसाच्या विरोधात जातो.

वजन उपयोगी पडतं ते तळाशी. ६० किलोचा दुसरा माणूस पायथ्यापासून ३० सेंटिमीटरवरच्या पायरीवर उभा राहिला, तर मर्यादा २४० न्यूटनने वाढते आणि भिंतीचा रेटा जेमतेम २६ ने. मग मागणी ४६५ आणि मर्यादा ५६८, म्हणजे वरचा माणूस टोकापर्यंत जाऊ शकतो. शिडी धरणाऱ्याला ‘जरा चहा घेऊन ये’ म्हणून पाठवू नये, ते यासाठी.

‘खाली घसरली नाही म्हणजे वरही घसरणार नाही.’ हा गैरसमज घर्षण = म्यू (घर्षण गुणांक) × लंब प्रतिक्रिया हे सूत्र घोकल्यामुळे होतो. हे सूत्र वस्तू घसरण्याच्या बेतात असतानाचं आहे. स्थिर शिडीत घर्षण समतोलाला लागतं तेवढंच असतं. माणूस १ मीटरवर असताना ते फक्त १३६ न्यूटन असतं. तिथे उड्या मारून शिडी टिकली, तरी टोकाच्या ४३९ न्यूटनबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

‘खडबडीत भिंत धरून ठेवते.’ थोडी मदत होते, पण भिंतीचं घर्षण भिंतीच्या प्रतिक्रियेवरच अवलंबून असतं. फरशी अगदी निसरडी असेल तर आडवं बल पेलायला कोणीच नाही; मग भिंत कितीही खरखरीत असो, शिडी उभी राहूच शकत नाही. म्हणून लक्ष पायथ्याकडे हवं.

खरा उपाय कोनाचा आहे. पायथा भिंतीपासून साधारण १ मीटरवर आणा, म्हणजे कोन ७५° होतो. त्याच माणसाला टोकावर आता २०४ न्यूटनच लागतात, म्हणजे ०.२५ गुणांकही पुरतो. याहून फार उभी केली तर शिडी मागे उलटण्याची भीती, तेव्हा वरचं टोक बांधून घ्या.

पुट्टी घासल्यावर फरशीवर पडलेली पूड, साबणाचं पाणी, रंग सांडू नये म्हणून अंथरलेलं प्लास्टिक यांनी गुणांक ०.२५च्याही खाली जाऊ शकतो. प्लास्टिक असेल तर शिडीचे रबरी बूट कितीही चांगले असोत, त्यांच्याखालचं प्लास्टिकच फरशीवरून सरकतं. शिडी लावण्याआधी तेवढ्या जागेतलं प्लास्टिक गुंडाळा, फरशी कोरडी पुसा आणि बुटांच्या खाचांत अडकलेली पूडही झटकून टाका.