दारावरच्या दोन पाट्या

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. चुलत वहिनी सरपंच म्हणून निवडून आल्या. गावात लागलेल्या अभिनंदनाच्या फलकावर दादाचा फोटो भलामोठा आणि वहिनींचा कोपऱ्यात. भाचीने विचारलं, "निवडून मामी आली की मामा?" त्यावर काकांनी लिहिलं, "गावाची कामं झाल्याशी मतलब. नाव कुणाचं याला काय महत्त्व?"

सोलमध्ये बसून ते वाचताना मला इथल्या डोंग्यो-दोंग या वस्तीतलं एक फाटक आठवलं.

होंगदे या कॉलेजच्या मुलांनी गजबजलेल्या भागाजवळ किम दे-जुंग यांचं घर आहे. 1998 ते 2003 या काळातले दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष, 2000 च्या शांततेच्या नोबेलचे मानकरी. त्या फाटकावर दोन पाट्या होत्या. एक त्यांच्या नावाची, दुसरी ली ही-हो यांच्या. बायकोच्या नावाची पाटी त्यांनी 1960 च्या दशकात लावली. तेव्हा इथे दारावर घरच्या पुरुषाचंच नाव असे. आणि ते नाव नुसतं 'ली ही-हो', कुणाची पत्नी वगैरे काही नाही.

ती बाई होतीही तशीच. 1922 चा जन्म. अमेरिकेत समाजशास्त्र शिकून आली आणि वायडब्ल्यूसीए या स्त्रियांच्या संघटनेची सरचिटणीस झाली. रखेल ठेवणाऱ्यांना संसदेत पाठवू नका, अशी मोहीम त्या काळात या बायकांनी चालवली होती. 1962 मध्ये चाळिशीच्या उंबरठ्यावर तिने किम दे-जुंग या दोन मुलांच्या विधुर बापाशी लग्न केलं, तेही त्याच्याकडे ना पद ना पैसा असताना. मैत्रिणींनी परोपरीने समजावलं. लग्नाला दोन आठवडेही झाले नव्हते, तोच सरकारविरोधी राजकारण करणाऱ्या नवऱ्याला पकडून नेलं. पुढे 1973 मध्ये टोकियोच्या हॉटेलातून त्याचं अपहरण झालं, 1980 मध्ये फाशीची शिक्षा झाली. तो तुरुंगात असताना ती सतत पत्रं लिहीत होती. त्याला मात्र महिन्याला एकच पत्र लिहिण्याची मुभा, म्हणून तो मुंगीएवढ्या अक्षरांत कागद भरून काढी. या बाईला नुसतं 'राष्ट्राध्यक्षांची पत्नी' म्हणणं मला जमत नाही.

मी तिला देव्हाऱ्यात बसवत नाही. मे 2002 मध्ये तिने संयुक्त राष्ट्रांत मुलांच्या हक्कांवर भाषण केलं आणि त्याच महिन्यात तिच्या पोटच्या मुलाला भ्रष्टाचाराच्या प्रकरणात अटक झाली. तिच्या आयुष्याचा विचार करायचा तर हेही त्यात आलंच.

माहेरच्या मैत्रिणी मला म्हणतात, तुमच्याकडे बरं, लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत. खरं आहे, बदलत नाहीत. पण त्यामागे बाईचा मान नव्हता. तिचं कूळ वेगळं, नवऱ्याच्या वंशात ती परकीच. 2008 पर्यंत इथल्या कुटुंब नोंदणीत घराचा प्रमुख शक्यतो पुरुषच असे. आजही मुलाला आईचं आडनाव द्यायचं तर जोडप्याला लग्नाची नोंदणी करतानाच तसं सांगावं लागतं. आणि आमच्या इमारतीत मला कुणी नावाने हाक मारत नाही. मी मुलाच्या नावापुढे 'ओम्मा', म्हणजे अमक्याची आई. सांगलीत आजीला सगळे तशीच हाक मारत.

आपल्याकडे तरी काय कमी केलंय? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला लाखमोलाची लक्ष्मी मुक्ती मोहीम चालवली. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव येतं. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या. म्हणून तर काकांचं वाक्य मला लागलं. नावाला महत्त्व नसतं, तर या सगळ्यासाठी एवढं झगडावं का लागलं असतं?

याची दुसरी बाजू मी इथेच पाहिली. माजी राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांच्या पत्नी किम कॉन-ही यांना ऑगस्ट 2025 मध्ये लाचखोरीच्या आणि शेअर घोटाळ्याच्या आरोपांवरून अटक झाली. वर्षानुवर्षं लोक विचारत होते, या बाईंकडे पद नाही, मग त्यांचा शब्द चालतो कसा? आमच्या गावात हेच उलटं झालंय. पद वहिनींचं आणि शब्द दादाचा. उद्या गटाराच्या कामात पैसे खाल्ले गेले तर सही वहिनींची असेल. जाब त्यांना द्यावा लागेल, दादाला नाही.

मी वहिनींना फोन केला. आधी मुलांच्या परीक्षा, पाऊस, आईचं गुडघेदुखीचं औषध, असं सगळं झालं. मग विचारलं, पंचायतीचा शिक्का कुठे असतो? "यांच्या बॅगेत," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, वहिनी, आज रात्रीच मागून घ्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मागते. पण तुम्ही ग्रुपवर काही लिहू नका. मीच लिहीन."