भाचीचा गुरुवार

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप गटावर गेले सहा महिने एकच वाद चालू आहे. माझी भाची पणजीला आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. काका, मामा, मावश्या, सगळे दादाला एकच विचारतात, "पुढे काय?" दोन दिवस गेले की कुणीतरी माझं नाव घेतं. "आत्या आहे ना इंग्लंडात! आजोबांचा जन्म पोर्तुगीज आमदानीतला. कागद करा आणि पाठवा तिला."

मी हे स्विंडनहून लिहिते आहे. इथे गोंयकार इतके आहेत की दुकानात उकडे तांदूळ मिळतात. तेव्हा आधी कागदांचं बोलू. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. मी 2011 मध्ये त्याच वाटेनं आले. पण ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, आणि 1 जानेवारी 2021 पासून नव्यानं येणाऱ्याला नुसत्या त्या पासपोर्टावर इथे राहता वा कामाला लागता येत नाही. शिवाय भारताचं नागरिकत्व सोडावं लागतं ते वेगळंच. शिकायला यायचं म्हटलं तर इथल्याच मुलांना 2025-26 साठी वर्षाची फी 9,535 पौंडांपर्यंत होती, आणि बाहेरून येणाऱ्यांना त्याहून पुष्कळ जास्त. इथली बहुतेक मुलं फी कर्ज काढून भरतात. गटावर "पाठवा" लिहायला दोन सेकंद लागतात, म्हणून हे सविस्तर सांगितलं.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. या वादात तिच्या पगाराचं बोलणं होतं, लग्नाचं होतं, व्हिसाचं होतं. ती दिवसभर काय करते, हे मात्र कुणीच विचारत नाही.

गेल्या डिसेंबरात मी मये गावी घरी गेले होते. तिला म्हटलं, तुझा एक चांगला दिवस मला दाखव. ती म्हणाली, "मग गुरुवारी चल आत्ये."

सकाळी सातची बस. बसायला जागा मिळाली तशी तिनं छोटी वही काढली आणि पुढच्या माणसांच्या माना काढायला लागली. बसमध्ये पुढच्याची मानच तेवढी दिसते, ती म्हणाली, आणि मान कुणी सांभाळून ठेवत नाही, चेहरा ठेवतात. आबोलीचा वळेसर माळलेली एक मान, नुकतीच न्हाव्याकडून आलेली पांढरट कडेची एक, घामानं कॉलर चिकटलेली एक. पणजी येईपर्यंत अकरा माना झाल्या.

मग मासळी बाजार. ओल्या लादीवर कडेला उभी राहून ती बांगडे लावणाऱ्या बाईचं चित्र काढत होती. बाईनं दोन गिऱ्हाइकं केली, पाणी शिंपडलं, आणि मान न वळवता म्हणाली, "नाक इल्लें बारीक कर गो!" काढून झाल्यावर तिनं ओले हात पदराला पुसले, वही लांब धरून बघितली, आणि शेजारणीला दाखवली. शेजारण म्हणाली, "आता माझं काढ." इंग्लंडात मी एका शाळेच्या कलावर्गात मदतनीस आहे, माती मळते, रंग लावून देते, भट्टी भरते. मुलांना बाजारात चित्र काढायला न्यायचं तर किती परवानग्या काढाव्या लागतात ते मी बघते. अनोळखी माणसाकडे टक लावून बघायची अशी मोकळीक फार ठिकाणी नसते, आणि ती मिळायला फीही पडत नाही.

कॉलेजात दहा ते एक मॉडेल होतं. निवृत्त खलाशी, सत्तरीचे, गुडघ्यावर हात ठेवून बसलेले. सरांनी तिच्या मागे उभं राहून एकच वाक्य म्हटलं, "हात बसलेला नाही, ठेवलेला दिसतो." तिनं तो पूर्ण हात पुसला. पाऊण तास गेला. मी मागच्या स्टुलावर बसून बघत होते, आणि मला माझी या इमारतीतली वर्षं आठवत होती. हे कॉलेज 1972 चं. माझ्या आधी कितीतरी वर्षं, 1977 ते 1987, चित्रकार लक्ष्मण पै इथे प्राचार्य होते. मडगावात जन्मलेला हा माणूस 1951 पासून दहा वर्षं पॅरिसला राहिला आणि तरी परत येऊन त्यानं गोव्यातल्या पोरांना शिकवलं. मी शिकले आणि गेले. एका शाळेत लेक्चर बेसिसवर तीन वर्षं काढली. पगार चार-चार महिने यायचा नाही, आणि शेवटी मी पासपोर्टाचे कागद भरले. म्हणून दादाची काळजी मला कळते. ती खोटी नाही.

पण "इंग्लंडात कलेला मान आहे" हे जे गटावर लिहिलं जातं, ते इथून वाचताना त्रास होतो. इथल्या माध्यमिक शाळांना जोखायला 2010 मध्ये विषयांची जी यादी आली, तीत चित्रकला नव्हती. शाळांनी तास कमी केले, आमच्याही केले. 2021 मध्ये सरकारनं विद्यापीठांतल्या कलाविषयांना मिळणारं जादा अनुदान निम्म्यावर आणलं. आमच्या स्विंडनमधलं कलासंग्रहालय 2020 मध्ये कोविडात बंद झालं ते त्या जुन्या इमारतीत पुन्हा उघडलंच नाही. 2024 मध्ये पालिकेच्या कार्यालयात त्याला जागा मिळाली. इथले आईबापही मुलांना तेच विचारतात, "पुढे काय?"

एक गोष्ट मात्र इथे आहे आणि ती मला भाचीसाठी हवी आहे. रेल्वेनं तासाभरात लंडन येतं. टेट संग्रहालयाच्या कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. आमच्या साळगावात 1924 मध्ये जन्मलेल्या चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझांचं 1959 चं 'क्रुसिफिक्शन' मी तिथे पाहिलं. काळ्या रेषा इतक्या जाड की बाजूनं बघितलं तर रंगाची कड वर आलेली दिसते. फोनवर ती कड दिसत नाही. भाचीनं चित्रकार वासुदेव गायतोंड्यांची चित्रंही फोनवरच पाहिलीत. घरच्यांना गायतोंड्यांची एकच गोष्ट ठाऊक, 2013 मध्ये मुंबईत त्यांचं एक चित्र 23.7 कोटींना गेलं ती. किंमत सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि त्या चित्रासमोर भाची अर्धा तास उभी राहू शकत नाही. डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो, 2016 पासून, आणि ते चांगलंच आहे. पण विद्यार्थ्याला ऑगस्टातल्या पावसाळी बुधवारी, कॉलेज सुटल्यावर, वही घेऊन आपल्याच चित्रकारांच्या अस्सल चित्रांसमोर बसता यायला हवं. जुलै 2023 मध्ये पणजीच्या कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं तेव्हा आमच्या गटावरही सगळे पेटून उठले होते, आणि योग्यच होतं. तसाच आवाज याही मागणीला मिळावा. मुलीला बाहेर पाठवण्यापेक्षा या मागणीत जोर घालावा असं मला मनापासून वाटतं.

दुपारी आम्ही फेरीबोटीनं बेतीला जाऊन नुसतंच परत आलो, कारण तिला मांडवीवरून पणजी बघायची होती. मग घर.

दिवसाचा सर्वांत चांगला तास अजून यायचाच होता. अंगणात तुळशी वृंदावनामागे भिंतीचा हातभर चौकोन तिनं मागून घेतला होता. तिथे ती कावी, म्हणजे गोव्यातलं जुनं तांबडं-पांढरं भित्तिचित्र, करत होती. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात आहे तशी. शिंपल्यांचा भिजवून मुरवलेला चुना आणि रेती यांचा पांढरा गिलावा, त्यावर तांबड्या हुरमुंजीचा पातळ थर, आणि तो ओला असतानाच लोखंडी कांट्यानं खरवडून खालचं पांढरं वर आणायचं. फार ओलं असलं तर रेघ लिबलिबते, सुकलं तर कपची उडते. ती दर दोन मिनिटांनी कोपऱ्यात नख दाबून बघायची. मग तिनं चटकन कमळ न काढता फेरीबोट काढली. कठड्याला टेकलेली माणसं, सगळी पाठमोरी, सगळ्यांच्या माना. एका मानेवर वळेसराची आठ टिंबं. सहाव्या टिंबाला कपची उडाली. ती थांबली, उडालेली जागा बोटानं चाचपली, आणि तिथे फुलाची पाकळी गळाल्यासारखी रेघ खाली ओढली.

दादा पायरीवर बसून हे बघत होता. काही बोलला नाही. जेवताना मात्र "पुढे काय" निघालंच, आणि आम्ही दोघं बराच वेळ भांडलो.

मेच्या शेवटी भाचीनं मला एक फोटो पाठवला. पावसाआधीची तयारी, माडाची चुडतं रचलेली, सरपण आत घेतलेलं. वृंदावनामागच्या भिंतीवर, फेरीबोटीच्या वर, कुणीतरी पत्र्याची छोटी पडवी ठोकली आहे. खाली तिनं लिहिलं होतं, "पागोळ्या पडू नयेत म्हणून बाबांनी लावली."