मित्राला घरचा पत्ता देऊ नये

मोबाइलवर गेम खेळणाऱ्या कोकणी माणसाने मित्र निवडताना एकच कसोटी लावावी. हा मनुष्य आपल्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभा राहून "आसस काय रे घरात?" अशी हाक मारू शकतो का? मारू शकत असेल, तर त्याच्यापासून सावध राहा. तो आज ना उद्या मारणारच.

मी अनुभवाने सांगतो. मालवणजवळच्या आमच्या वाडीत मला असे सहा-सात मित्र आहेत आणि त्यातल्या एकालाही म्यूट करायची सोय नाही. चपला पडवीच्या बरोबर मधोमध काढतात. कॅरमला चौथा कमी पडला की रात्री साडेनऊला आरोळी येते, "रे मेल्या, भायर ये, भिडू गावना नाय!" तुम्ही जेवत असलात तर तेही पाटावर बसतात, आणि सोलकढी पातळ झालीय हे आईला तोंडावर सांगतात.

त्यापेक्षा ऑनलाइन मित्र बघा. पबजी या नेमबाजीच्या गेममध्ये शंभर माणसं विमानातून उडी मारतात, त्यात आपले चौघे. आठ बाय आठ किलोमीटरचा एरांगेलचा नकाशा, आणि तिथल्या पोचिंकी गावात तुम्ही गोळी लागून गुडघ्यावर आलात तर नागपूरचा भिडू जीव धोक्यात घालून तुम्हाला उठवायला धावतो. आता वाडीत बघा. शेवाळलेल्या उतारावर मी स्कूटरसकट आडवा झालो, तेव्हा जिवलग मित्र आधी हसला. मग स्कूटरला काही झालं नाही ना, ते विचारलं. मग स्कूटर घेऊन गेला. आठवड्याने दुरुस्त करून आणली हे खरं, पण टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता.

शिवाय ऑनलाइन माणूस दिसतो कसा, कमावतो किती, हे प्रश्नच नाहीत. नावात ‘किलर’ असलं की झालं. आता सोंग घेण्याचं कौतुक आम्हाला कुणी सांगू नये. दशावतारी नाटकातल्या नटाबद्दल आमच्याकडे म्हणतातच, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. फरक एवढाच की मांडावर राजा तलवार उपसून ओरडत असतो तेव्हा समोरच्या पहिल्या रांगेला ठाऊक असतं, याने सोसायटीचा हप्ता थकवलाय. अशाने राजेपण टिकतं का? नागपूरच्या भिडूला मात्र मी तीन वर्षं शूर वाटलो.

मैत्रीवर बंदी आली तर काय करायचं, तेही सांगून ठेवतो. बंदी दोन जातीची. पहिली ऑनलाइन. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारनं ११८ अ‍ॅपं बंद केली, त्यात पबजी मोबाइल गेला. जुलै २०२१मध्ये बीजीएमआय म्हणून नव्या नावाने आला, जुलै २०२२मध्ये स्टोअरवरून गायब झाला, मे २०२३मध्ये परतला. प्रत्येक वेळी यादीतली माणसं गळाली. कुणाला फोन करणार? नाव ‘डेव्हिल’, गाव माहीत नाही. एवढी स्वच्छ ताटातूट आपल्या लग्नसंबंधांतही होत नाही. दुसरी बंदी मासेमारीची, १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. होड्या शाकारलेल्या, जाळी शिवून झालेली, माणसं मोकळी. या बंदीत मित्र गळत नाहीत, उलट उगवतात. सकाळी दहालाच कॅरम मांडतात. पावसाळी हवेत बोर्ड सुटत नाही, पावडरीच्या गुठळ्या होतात, म्हणून वर शंभराचा पिवळा बल्ब पत्र्याची टोपी घालून तासभर जाळतात. बोर्ड तापेपर्यंत तुमच्या बायकोने चहा करायचा असतो. संध्याकाळी त्याच बल्बवर पंखवाले किडे येतात आणि ऐन राणीवर पडतात. किडा फुंकरीने उडवताना सोंगटी हलली की नाही, यावर गेल्या वर्षी दोन घरं चार दिवस बोलत नव्हती.

आता माझी चूक ऐका आणि शहाणे व्हा. मे २०२१, तौक्ते वादळ. आमचा माड कौलांवर आला. वाडीतले मित्र कोयते, दोरखंड घेऊन आले, खोड उतरवलं, कौलं शाकारली, आणि जाताना सगळी शहाळी घेऊन गेले. ते ठीकच, अपेक्षितच. पण आठ दिवसांनी टॉवर लागला तर नागपूरचे सतरा मेसेज. पबजी बंद, म्हणून आम्ही तेव्हा दुसऱ्याच नेमबाजीच्या गेमवर बिऱ्हाड हलवलं होतं. पहिले पाच मेसेज शिव्यांचे, मॅच सोडून पळालास म्हणून. मग नुसती प्रश्नचिन्हं. मग, "भाऊ, टीव्हीवर मालवण दाखवून राहिले." शेवटचा पहाटे तीनचा होता, "काही तरी बोल बे."

इथे माणसाने मन घट्ट करून एक अंगठा पाठवावा आणि विषय संपवावा. मी पत्ता पाठवला.

दोन वर्षांनी, जुलैत, तो कुडाळ स्टेशनवर उतरला. हेडफोनमधला आवाज सहा फुटी, प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागला. हातात संत्रा बर्फीचा डबा. घरी आल्यावर चपला कुठे काढल्या असतील? पडवीच्या मधोमध. गेममध्ये चारशे मीटरवरून माणूस टिपणारा हा, आणि कॅरमवर वीतभर अंतरावरची राणी घेतली, पण कव्हर सलग तीनदा चुकवलं. वाडी हसून लोळली. वाडी ज्याला हसते तो कामातून गेला, हे त्याला कोण सांगणार? तो चार दिवसांसाठी आला होता, अकरा दिवस राहिला.

जेवताना सुक्या बांगड्याची किसमूर तोंडात घालून आईला म्हणाला, "काकू, तिखट थोडं कमी पडून राहिलं." मी डोळे मिटून घेतले. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी किसमूर अशी झाली की शेजारचा ट्रॉलरवाला पाणी मागत उठला, आणि नागपूर शांतपणे दुसऱ्यांदा वाढून घेत होतं.

ऑनलाइन मला तो हल्ली फारसा सापडत नाही. परवा मात्र आई फोनवर कुणाशी तरी तासभर सावजी मसाल्यात काय काय पडतं ते विचारत होती. मी म्हटलं, दे इकडे, मला बोलू दे. तर हातानेच ‘थांब’ अशी खूण केली.