जपानी भाषेची एन-२ परीक्षा झाली म्हणजे बोलता येतं असं नाही
‘एन-२ उत्तीर्ण झालं की जपानी विद्यापीठात भाषेची अडचण उरत नाही’ हे जपानमधल्या शिक्षणाबद्दलच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. एन-२ ही जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एक पातळी, आणि जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते, निबंधही लिहावा लागत नाही. सगळे प्रश्न पर्यायी उत्तरांचे. क्योतोत शिकताना मला वाचन जमायचं, पण सेमिनारमध्ये प्राध्यापकांसमोर आदरार्थी रूपं जुळवेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असायची.

माझी जीभ सुटली ती कोन्बिनीतल्या (रोजच्या गरजेच्या वस्तूंच्या छोट्या दुकानातल्या) अर्धवेळ कामामुळे. विद्यार्थी व्हिसावर वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं, आणि गल्ल्यावर उभं राहिलं की गिऱ्हाइकाशी बोलावंच लागतं. क्योतोची बोलीही तिथेच कानावर पडली, आमच्या पाठ्यपुस्तकात ती नव्हतीच. लेखात या कामाचा उल्लेख फक्त खर्च भागवण्यापुरता आलाय. भाषेसाठी त्याचं मोल त्याहून कितीतरी मोठं आहे.